उघडी राह्यलेली खिडकी

स्क्रीनवर पाह्यलं तं नुसतं पांढरं. नवरी नाही, नवरदेव नाही, हार नाही, नुसती धुतलेली चादर. मागचा फोटो पाह्यला, तोही पांढरा. इकडे अक्षदा पडून गेल्या, बँड सुरू झाला, अन् हाराचा एकही फोटो माह्याजवळ नाही. अन् हे लग्न होतं काकांच्या एकुलत्या एक पोरीचं, सोनूचं, अन् काकांनी जिंदगीत पहिल्यांदा आपला कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देल्ला होता. माह्या हाती.

काका म्हणजे आमच्या मुकुटबन गावचे फोटोवाले. नात्यानं माहे कोणी नाही. मी नववीत शाळा सोडली अन् त्यायच्या दुकानात पासपोर्टचे फोटो कापाले बसली, तेव्हापासून काका. कुठंही गेले का पहिले तळहात समोर धरत अन् त्याच्याकडे पाहत. उजेड मोजाची त्यायची हीच मशीन. एकदा देवळात असाच हात धरला तं पुजाऱ्यानं त्याच्यावर साखरफुटाणे ठेवले. काका खाऊन म्हणे, "उजेड गोड हाय आज."

मले शिकवलं तेही असंच. म्हणत, पोरी, कॅमेऱ्यात तीनच गोष्टी हायेत. एक खिडकी. मोठी उघडली तं उजेड येते, पण मंग एकच माणूस साफ दिसते, बाकीचे धुक्यात जाते. दुसरी पापणी. हळू मिटली तं झोपलेलं लेकरू चालते, नाचणारा नवरदेव चालत नाही. अन् तिसरं तिखट, म्हणजे आयएसओ. अंधारात लागतेच, पण जास्त पडलं का फोटोच्या अंगावर पुरळ येते. मले आकडे कधी समजले नाही, तिखट बरोबर समजलं.

लग्नात काकांचा वट भटजीपेक्षा जास्त. हार घातला अन् फोटो मनासारखा नाही आला का खुशाल म्हणत, "काढा हार, अजून एक बार." अर्ध्या तालुक्यानं त्यायच्यापाई दोनदा हार घातले असन. अन् मले सांगत, "हासणारे तं कोणीही काढते. रडणारा धर."

एक गोष्ट मातर रोज बजावत, का काम झालं का तिन्ही आकडे उन्हावर आणून ठेवाचे, मंगच कॅमेरा पिशवीत. अन् मी काय केलं? आदल्या दुपारी अंधाऱ्या खोलीत माही पोरगी चिमी झोपली होती, इतकी गोड दिसे, म्हणून खिडकी पुरी उघडली, पापणी हळू केली, तिखट भरभरून टाकलं अन् तिचा फोटो काढला. तेवढ्यात ते उठलं, रडाले लागलं, मी कॅमेरा तसाच पिशवीत कोंबला. तेच तिखट घेऊन मी बाराच्या उन्हात उभी, म्हणून सारं पांढरं.

चिमी कडेवर, कॅमेरा गळ्यात, तशीच गेली काकांच्या कानाशी. म्हटलं, "काका, हार आला नाही."

बाजूले नवरदेवाची माय, इहीणबाई, उभी होती, तिनं ऐकलं. म्हणे, घातलेला हार काढत नसते, अपशकुन होते. अन् काका, ज्यायनं अर्ध्या तालुक्याचे हार उतरवले, ते नुसती टोपीची घडी करत राह्यले.

तं सोनूच बोलली, "बाबा, आज गळा बसला काय तुमचा? म्हणा ना."

सारा मांडव हासला. काका बारीक आवाजात म्हणे, "अजून एक बार." इहीणबाईनं पाठ फिरवली, म्हणे मी काही पाह्यलं नाही.

मी घाईघाईनं तिखट कमी केलं, पापणी जलद केली. खिडकी राह्यली. भेवानं इसरलीच. डोया लावला तेव्हा कळलं का आता एकच काहीतरी साफ येणार. सोनूनं हार उचलला होता. अन् तिच्या अलीकडे, कोपऱ्यात, काका सवयीनं तळहात धरून उजेड पाहून राह्यले होते, अन् डोयातलं पाणी त्या हातावर टपटप पडून राह्यलं होतं.

फोकसचा ठिपका सोनूवर होता. मी तो सरकवला, काकांवर आणला, अन् बटण दाबलं. पोरीचा हार धुक्यात गेला.

अल्बम झाला तेव्हा काकांनी तो फोटो लय वेळ पाह्यला. एवढंच म्हणे, "खिडकी उघडी राह्यली तुही." रागावले का नाही, मले अजून समजलं नाही, अन् मी इचारलं नाही.

दिवाळीच्या आधी काका गेले. दुकान आता माह्याकडंच, चिमी काउंटरवर बसून गिऱ्हाइकाले तळहात दाखवते. भिंतीवर काकांचा तोच फोटो लावला, दुसरा होताच कुठं, साऱ्या गावाचे काढले अन् स्वतःचा एक नाही. इहीणबाई बाजारात भेटली का अजून टोमणा मारते, म्हणे दोनदा हार घातला माह्या पोरानं अन् अल्बममंधी एकदाही नाही.

खरंच हाय तिचं. पण बायाहो, तुम्हीच सांगा, एकच माणूस साफ येणार होता. तुम्ही असत्या तं ठिपका कोणावर ठेवला असता?