हेडसरांचं डोकं

उजव्या हाताची दोन बोटं कानशिलावर टेकवायची, डोळे अर्धे मिटायचे आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणायचं, "आज नको. आज डोकं जड आहे." आमच्या हेडसरांचा सगळा कारभार या एका वाक्यावर चालायचा. असा एखादा साहेब तुम्हीही पाहिला असेल. तुमच्याकडच्याला कदाचित पाठदुखी असेल, एवढाच फरक.

मी त्या शाळेत क्लार्क. माधवनगरच्या पुढे, उसाच्या पट्ट्यातली खाजगी संस्थेची शाळा. हेडसर मूळचे फलटणकडचे. इंग्रजी छान शिकवायचे, असं जुनी माणसं सांगत. मी लागलो तोवर त्यांचे तास दुसरेच कोणी घेत होते, कारण पोरांच्या आवाजानं त्यांच्या डोक्यात कळा यायच्या. ऑफिसातला पंखा कुरकुरतो म्हणून बंद. प्रार्थना हळू म्हणायची, असा तोंडी आदेश. नव्या माणसाला वाटायचं, शाळेत कोणीतरी वारलंय.

त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात गोळ्या. आल्याआल्या एक, चहानंतर एक, मीटिंग असली तर मीटिंगआधी एक. दुपारनंतर डोकं दुखेल असं वाटलं, तर न दुखताच एक. मी कामावर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, खण उघडला आणि विचारलं, "प्रवासानं डोकं धरलं असेल ना?" माझं डोकं ठणठणीत होतं. पण साहेब पहिल्याच दिवशी देताहेत, तर नको कसं म्हणायचं? घेतली.

तसं एकट्या हेडसरांना हसण्यात अर्थ नाही. आमच्याकडे डोकेदुखीची गोळी किराणा दुकानात, काडेपेटीच्या शेजारी मिळते. दुकानदार कात्रीनं पाकिटाचा तुकडा कापून देतो. गोळीचं नाव एका तुकड्यावर आणि तारीख दुसऱ्यावर. शिवणाच्या बाई उपास सोडायच्या आधी गोळी घेत. पीटीचे सर उन्हात उभं राहिल्यावर घेत आणि सावलीत बसूनही घेत. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या पोरालाही तीच गोळी मिळे. गोळी न घेणारे फक्त आमचे शिपाई, तात्या. ते म्हणत, "डोकं हाय म्हनून दुखतंय. नसतं तर काय दुखलं असतं?" हे वाक्य ते हेडसरांच्या दारात उभे राहूनच म्हणत, आणि नक्की कुणाविषयी म्हणाले ते शेवटपर्यंत कळत नसे.

डोकेदुखीचा खरा उपयोग तक्रारीच्या वेळी दिसायचा. एकदा गणिताचा तासच होत नाही म्हणून एक पालक तावातावानं आले. सरांनी दोन बोटं कानशिलाला लावली. पालक थबकले. मग म्हणाले, "आवं सर, सुंठ उगाळून लावा की. माझ्या आईला लय गुण आला." पाच मिनिटं सुंठ, लेप आणि आईचं डोकं यांवर चर्चा झाली आणि पालक समाधानानं निघून गेले. गणिताचा तास पुढेही झाला नाही.

पण आठवी 'ब'ची गोष्ट अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या खोलीच्या तुळईला तडा गेला होता. पावसाळ्यात पाणी झिरपायचं, गंजलेली सळई दिसायला लागली होती. खोली बंद करून वर कळवायचं पत्र मी टाइप करून फाईलला लावलं होतं. फक्त सही हवी होती. पण खोली बांधली होती संस्थेच्या अध्यक्षांच्या मेहुण्यानं. दर सोमवारी मी फाईल आत न्यायचो आणि तशीच बाहेर आणायचो. एका रविवारी छताच्या काँक्रीटचा तुकडा सुटून तिसऱ्या बाकावर पडला. बाकाची फळी चिरली. सोमवारी फाईलबरोबर मी तो तुकडाही नेला. सरांनी तुकडा पाहिला, खण उघडला, गोळी घेतली. "उद्या बघू," म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभरात सर प्रार्थनेच्या वेळी खांबाला धरून खाली बसले आणि ओकले. तात्यांनी आणि मी त्यांना गाडीत घातलं. वाटेत सरांच्या घरून वहिनींना घेतलं आणि मिरजेला एका डॉक्टरबाईंकडे गेलो.

बाईंनी रक्तासकट सगळं तपासलं आणि विचारलं, दिवसाला गोळ्या किती?

"दोन," सर म्हणाले.

"आठ," वहिनी म्हणाल्या.

मी भिंतीवरचं डोळ्यांचं चित्र पाहत राहिलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मान हलवावीच लागली.

बाईंनी शांतपणे सांगितलं की महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस, महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या की पुढे डोकं त्या गोळ्यांमुळेच दुखायला लागतं. मूत्रपिंडालाही त्रास सुरू झाला होता. आता सगळं बंद. पहिले पंधरा दिवस डोकं आणखी ठणकेल, ते सोसायचं.

सरांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मीच..." बाई म्हणाल्या, "हो. तुम्हीच."

रजेच्या चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. सर जिन्याच्या पायरीवर डोक्याला ओला पंचा बांधून बसले होते. अंगात बनियन, दाढी वाढलेली. वहिनी चहा करायला आत गेल्या, तसं त्यांनी माझं मनगट धरलं. "एक आहे का?" ते हळूच म्हणाले. "तुमच्या खिशात असते, मला ठाऊक आहे." त्या आवाजात साहेब नव्हता. माझ्या खिशात चार होत्या. मी नाही म्हणालो. त्यांनी मनगट सोडलं, तोंड भिंतीकडे केलं आणि माझ्यादेखत रडले. इतकी वर्षं आम्ही ज्याला ढोंग म्हणून हसत आलो, ते दुखणं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

महिन्यानं सर हजर झाले. पंखा सुरू झाला. प्रार्थना पोरांच्या खऱ्या आवाजात झाली. सर वर्गावर्गात फिरले आणि ज्या वर्गात मास्तर नव्हते तिथे स्वतः उभे राहिले. स्टाफरूमवर अवकळा आली. साहेब बरे झाल्याचं इतकं दुःख मी कुठल्याच कचेरीत पाहिलेलं नाही. गणिताच्या सरांना शिकवावं लागलं आणि तिसऱ्याच दिवशी त्यांचं डोकं दुखायला लागलं.

त्या शनिवारी सरांनी मला बोलावलं आणि आठवी 'ब'ची फाईल मागितली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. सही केली. एक प्रत शिक्षण खात्याला पाठवायला सांगितली, मग स्वतः जाऊन खोलीला कुलूप घातलं आणि पोरांना हॉलमध्ये बसवलं.

सोमवारी अध्यक्षांचा फोन आला. आवाज टेबलापलीकडे मलाही ऐकू येत होता. सर ऐकत राहिले. शेवटी पलीकडून विचारलं गेलं, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?

"आता आहे, साहेब," सर म्हणाले. "म्हणून तर सही केली."

महिन्याच्या आत त्यांची बदली झाली. जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळ, संस्थेच्या एका छोट्या शाखेवर. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. निरोप समारंभ मात्र थाटात झाला. शाल, नारळ, व्हॉट्सॲपवर हात जोडलेली चित्रं. सर्वांत लांब भाषण गणिताच्या सरांनी केलं.

बदली रद्द करावी म्हणून अध्यक्षांना एक अर्ज द्यायचं ठरलं होतं. पहिली सही तात्यांनी केली, मग शिवणाच्या बाईंनी. कागद माझ्यासमोर आला. मी पेन हातात घेतलं, अध्यक्षांचं नाव वाचलं आणि तात्यांना म्हणालो, "आज राहू द्या. सकाळपासून डोकं जड आहे." तात्या कागदाची घडी घालून निघून गेले. दोन सह्यांचा अर्ज कोणी पाठवलाच नाही.

पुढच्या मार्चमध्ये सेवापुस्तकाच्या कामासाठी मला त्या शाखेवर जावं लागलं. तीन खोल्या, वर पत्रा, समोर बाभळी. सर सहावीला इंग्रजी शिकवत होते. मला पाहून त्यांनी मागच्या बाकाकडे बोट केलं. तास संपेपर्यंत मी पोरांबरोबर बसलो. शिकवत होते छान. जुनी माणसं खरं सांगत होती.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, आठवी 'ब' आता कुठे बसते? मी सांगितलं, अजून हॉलमध्येच, पण जुनी खोली पाडली. त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "आणि तुमचं डोकं कसं आहे?"

त्यांना अर्जाचं कळलं होतं की नुसतीच चौकशी होती, ते चेहऱ्यावरून समजेना. बरं आहे, म्हणालो. "पाणी प्या," ते म्हणाले. "ऊन फार आहे इकडे." त्यांनी स्वतः माठातून तांब्या भरून आणला, मी पिऊन होईपर्यंत शेजारी उभे राहिले आणि माझ्या कागदांवर सह्या केल्या.

माझी एसटी यायला वेळ होता. मी बाभळीखाली थांबलो. सर दारात खडू झाडत मिनिटभर उभे होते. मग आतून कुणीतरी "सर, सर" करून हाक मारली, आणि ते आत गेले.