सरदाराची आक्का

उचगावच्या यात्रेतल्या नाटकात मष्णू बावीस वर्षं विंगेतून बोलत होता. नोकरी शहरातल्या कॉलेजात, प्रयोगशाळेच्या बाटल्या धुण्याची. गावात मात्र ओळख प्रॉम्प्टर म्हणून. संशयी सरदाराचं नाटक त्याला तोंडपाठ. कारभारी कान भरतो, सरदार निष्पाप बायकोचा गळा दाबतो आणि मग ढसाढसा रडतो. यंदा जुना सरदार गुडघ्यांपायी निवृत्त झाला, तेव्हा ही भूमिका आपलीच, असं मष्णूनं धरूनच ठेवलं. मिशाही वाढवल्या.

ती मिळाली राजकुमारला. मच्छेच्या कारखान्यात कामाला, उंची सहा फूट, पाठांतर शून्य.

"अण्णा, तुम्ही हाय म्हणूनच व्हय म्हटलं मी," तो म्हणाला. मष्णूला हे जास्त लागलं.

सरदाराच्या बायकोचं काम बायाक्काकडे होतं. वय पन्नास, आवाज खणखणीत. अंगणवाडी तिची, राजकुमारला मुळाक्षरं तिनंच शिकवलेली.

मष्णूनं राजकुमारला बाजूला घेतलं. कान कसे भरायचे, हे कारभाऱ्याच्या कृपेनं त्याला येतच होतं.

"तालमीत 'प्रिये' म्हणू नगो रं. बोलत न्हाय, पण आक्काला कसंतरी वाटतंय."

"मग काय म्हणू?"

"आक्काच म्हण. प्रयोगात 'प्रिये' म्हणायचंच हाय की."

महिनाभर सरदारानं आक्काचाच गळा दाबला. दिग्दर्शक तम्मण्णांना त्यात संस्कार दिसले.

प्रयोगात शेवटचा प्रवेश आला. बायाक्का पलंगावर डोळे मिटून पडलेली. राजकुमार डोळे वटारून जवळ गेला. मष्णूनं विंगेतून 'प्रिये' दिलं, पण इतकं हळू की त्याचं त्यालाच ऐकू आलं नसावं.

"आक्का," सरदार गरजला, "झोपलीस काय गं?"

बायाक्का अंगणवाडीच्या सवयीनं बोलून गेली, "न्हाय रं बाळा. काय पायजे?"

पुढं सरदारानं गळा दाबला, पण ते कुणाला दिसलं नाही; अख्खा मंडप डोळे पुसत होता, हसून हसून. राजकुमारचं सरदारपण संपलं, या समाधानात मष्णू घरी गेला.

सकाळी जांबोटीची यात्रा कमिटी तम्मण्णांच्या सोप्यात हजर. मष्णू मिशा विंचरून बसला.

"आमाला ह्योच सरदार पायजे. आन् आक्कापण हीच," कमिटीवाले म्हणाले. "ते वाक्य गाळायचं न्हाय."

तम्मण्णांनी नाटकाची वही मष्णूपुढं सरकवली. मष्णूनं 'प्रिये' खोडलं आणि वर 'आक्का' लिहिलं.

राजकुमार वाकून बघत होता. "जरा जोरानं देत जावा, अण्णा," तो म्हणाला. "काल तुमचं काय ऐकूच आलं न्हाय बघा."