एकुलती एक प्रत

चार लेखक एकत्र बसले की नवीन काय लिहिलं ते कोणी सांगत नाही, प्रकाशकाचंच सांगतात. आमच्या गोंदियाच्या टोळक्यानं जेवढी पानं लिहिली, त्याहून जास्त असले किस्से गोळा केले. गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सात वर्षांतली. दर रविवारी आम्ही दुबेजींच्या छापखान्यात जमायचो. मी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून आणि फावल्या वेळात कवी. हसू नका, तेव्हा बरेच जण असायचे.

*

पहिला किस्सा माझाच. पुण्या-नागपूरचे प्रकाशक कवितांना हात लावेनात, म्हणून मी पदरचे पैसे घालून दुबेजींकडेच संग्रह छापायला टाकला. त्यांचा खरा धंदा बिडीच्या लेबलांचा. मराठी अक्षरांचे शिशाचे खिळे मोजून आठ पानांपुरते. आठ पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडवायचे, मग पुढची आठ. चाळिसाव्या पानावर बिडीवाल्याची मोठी ऑर्डर आली आणि माझी कविता दोन महिने अडकून पडली.

शेवटी पुस्तक हातात आलं. प्रेमकवितांचा संग्रह, आणि मुखपृष्ठावर लालभडक वाघ.

"दुबेजी, ये क्या?"

"बाबूजी, जगह खाली दिख रही थी. बीड़ी वाले शेर का ब्लॉक पड़ा था, लगा दिया."

सासुरवाडीला पहिली प्रत दिली. सासऱ्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "जावईबापू, बिडीचा कारखाना कधी काढला?"

*

आमच्यात खरा लेखक एकच, बिसेन गुरुजी. सालेकशाला शाळामास्तर. रविवारी सकाळच्या गाडीनं यायचे आणि कादंबरीचं नवं प्रकरण आम्हाला वाचून दाखवायचे. तीन वर्षं लिहीत होते. जंगलातल्या एका गावाची कादंबरी होती. मी तरी तसलं काही आधी ऐकलं नव्हतं.

संपली त्या दिवशी आम्ही सगळे पोस्टात गेलो. पुण्याच्या एका प्रकाशकाला रजिस्टर्ड पार्सल केलं. परत येताना मी सहज विचारलं, "नक्कल घरी ठेवली ना?"

"नक्कल कायले? पावती हाय ना!" गुरुजी म्हणाले आणि खिशातली पावती काढून दाखवली.



*

चार महिन्यांनी कार्ड आलं. 'हस्तलिखित पोचले. सवडीने वाचू.' पुढच्या वर्षी दुसरं आलं. 'वाचत आहोत.'

ते कार्ड गुरुजींनी आम्हाला सहा वेळा वाचून दाखवलं. "वाचत आहोत मंजी अर्ध्यावर आले असतीन का? का सुरूच केली असन? आवडून राहिली असन तं एवढा वेळ कायले लागते?"

दुबेजी शाई पुसत म्हणाले, "गुरुजी, खाना अच्छा हो तो आदमी थाली छोड़कर चिट्ठी लिखने नहीं बैठता."

एवढ्यावर गुरुजींनी आणखी पाच महिने काढले.

*

दिवाळीच्या सुट्टीत ते स्वतःच पुण्याला गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून घरच्या चिन्नोर तांदळाचं पोतं घेतलं. प्रकाशक फार गोड बोलले. चहा पाजला, तांदूळ ठेवून घेतला. कादंबरी कुठे आहे म्हटल्यावर म्हणाले, "आमच्या वाचकांकडे अभिप्रायासाठी आहे."

"ते कुठं राहतात?"

"ते सध्या गावाला गेले आहेत."

गुरुजी परतले आणि आठच दिवसांत पत्र आलं. इतक्या लवकर कधीच आलं नव्हतं. पाकीट त्यांनी आमच्यासमोरच फोडलं. आत लिहिलं होतं, 'भात फारच सुवासिक झाला. आणखी अर्धा मण मिळू शकेल काय?'

आणि गुरुजींनी पाठवला. "काऊन पाठवला?" म्हणून मी त्यांच्यावर भडकलोच.

"नाराज झाले तं? माही कादंबरी त्यायच्यापाशी हाय ना!"

 

*

एकदा मी म्हटलं, "गुरुजी, सोडा त्या पुण्याला. वर्गणी काढू, इथंच छापू. वाघ नको म्हणून आधीच बजावू."

गुरुजी कसनुसे हसले. "छापाले द्याले कादंबरी तं पायजे ना जवळ." त्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं, आवडली नसेल तर परत करा. उत्तर आलं, 'नव्या लेखकाने अधीर होऊ नये.' त्यानंतर ते रविवारी आले तरी कोपऱ्यात बसून राहायचे. लिहिणं तर बंदच पडलं होतं.

*

तिसऱ्या वर्षी, ऐन परीक्षांच्या दिवसांत, गुरुजी सालेकशाहून अवचित आले. हातात उघडं पाकीट. "घेतली," म्हणाले. "कादंबरी घेतली त्यायनं." दुबेजींनी मशीन थांबवली आणि पेढे मागवले.

"पूरा पढ़ो, गुरुजी."

गुरुजींनी मोठ्यानं वाचलं. 'आपली कादंबरी आम्हांस पसंत आहे. उन्हाळ्यात छपाईस घेऊ. कचेरी हलवताना आपले हस्तलिखित गहाळ झाले. तरी आपणाजवळील दुसरी प्रत उलट टपाली पाठवावी.'

पेढ्याचा पुडा कोणी सोडला नाही. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? गुरुजींनी पत्राची घडी करून ते पाकिटात ठेवलं. मग दुबेजींकडून लेबलांचे पाठकोरे कागद मागून घेतले, पेनाचं टोपण काढलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"पहिलं वाक्य कोणाले आठवते गा?"