बाबांनी दिलेली उत्तरं

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, तरी आईचा गर्भाशयाचा कॅन्सर परत आला. तेव्हा मुंबईचे डॉक्टर म्हणाले, दोन औषधं एकत्र देऊन पाहू. दोन्ही सलाइनमधून. कितपत लागू पडतात, बाईला किती झेपतात, हे ते अजून तपासतच होते आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंही. अट एकच, दर खेपेला ते त्रासाबद्दल विचारतील तेव्हा काही लपवायचं नाही. त्या उत्तरांवरून औषध चालू ठेवायचं की बदलायचं ते ठरणार होतं.

आणि उत्तरं देणार कोण, तर आमचे बाबा! आमच्या नंदाखाल गावात तेव्हा बायको आजारी पडली की डॉक्टरशी नवराच बोलायचा. "अंगावरून रक्त जातं का?" "नाय, बरी हाय." आई शेजारी मान खाली घालून बसायची.

रक्त जात होतं. विहिरीमागे ते कपडे मीच धूत होते. आईला म्हटलं, डॉक्टरांना सांग. ती उसळली, "तुझ्या बापासमोर ते बोलू? मेले तरी नाय!" बाबांना सांगितलं तर ते केळीला पाणी सोडत म्हणाले, "बायकांचं तुम्ही बघा." मी सोबत येते म्हटलं, तर लग्नाच्या मुलीने असल्या दवाखान्यात बसू नये, म्हणाले. मग कोणी बसायचं? त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

डॉक्टर खूश होते. औषध चांगलं लागू पडतंय म्हणून तीच जोडी चालू राहिली. आईचे केस गेले, पेजसुद्धा पोटात ठरेना. शेवटी आतून तपासलं तेव्हा गाठ वाढलेली निघाली. आधी कळलं असतं तर औषध कधीच बदललं असतं, असं डॉक्टर चिडून म्हणाले. घरी येऊन बाबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "तिने मला कधी सांगितलंच नाय."

दुसरं औषध सोसण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

चर्चच्या आवारात दफन करून लोक आमच्या अंगणात चहाला थांबले. बायका एकमेकींना सांगत होत्या, किती सोशिक बाई, शेवटपर्यंत एका शब्दाने तक्रार केली नाही. बाबा डोळे पुसत मान डोलावत होते. मी मोठ्याने म्हटलं, "केली होती. माझ्याकडे रोज करायची."

एका मावशीने माझ्या हातातली किटली घेतली आणि मला आत जाऊन पडायला सांगितलं.