एका लायसन्सपुरतं एकत्र कुटुंब

"मॅडम, आमचं घर एकच हाय. पाहिजे तं लिहून देतो," विनोद म्हणाला. तो ज्या दारात उभा होता, त्याच्या शेजारीच दुसरं दार होतं. त्या दारात त्याचा थोरला भाऊ प्रभाकर उभा होता. अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत. विटा अजून नव्या दिसत होत्या.

मी वर्ध्यात पत्रिकेच्या सॉफ्टवेअरची डीलर आहे. जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की कुंडली निघते, मुलामुलीचे गुण जुळवून मिळतात. कंपनी नागपूरची. विकणं, बसवून देणं आणि बंद पडलं की बोलणी खाणं, ही तिन्ही कामं माझी. सोळा वर्षं करते आहे.

आर्वीजवळच्या या दोघा भावांकडे वडिलांपासून पत्रिका बघण्याचं काम आहे, सोबत शेती. आमचं सॉफ्टवेअर वडिलांनीच घेतलं होतं. वडील गेले आणि भावांनी तोंडी वाटणी केली. कागद वगैरे काही नाही. कॉम्प्युटर थोरल्याच्या वाट्याला गेला. सॉफ्टवेअरचा डबा धाकट्याच्या. त्या डब्यावर की छापलेली असते. की म्हणजे एक लांबलचक नंबर, तो टाकल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नाही. धाकट्यानं लॅपटॉप घेतला, तीच की टाकली, काम सुरू.

बरेच दिवस कोणाला काही कळलं नाही. मग एका अपडेटनंतर प्रोग्रॅमनं पत्ता विचारला. थोरल्यानं घर नंबर टाकला. धाकट्यानं तोच नंबर टाकून पुढे 'ब' लावला. कंपनीच्या सर्व्हरला एका कीवर दोन पत्ते दिसले. त्यानं दोन्हीकडचं सॉफ्टवेअर लॉक केलं. ऐन लग्नसराईत. दोघांनी मला वेगवेगळे फोन केले आणि दोघांनीही एकमेकांचं नाव घेतलं नाही. म्हणून मी आर्वीला आले होते.

इथे नियम सांगते. आपण सॉफ्टवेअर विकत घेतो तेव्हा खरं तर ते वापरायची परवानगी घेतो. ती किती मशीनवर, कोणाला, हे लायसन्समध्ये लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही, 'आय ॲग्री' दाबतात. आमच्या होम लायसन्सवर दोन कॉम्प्युटर चालतात. अट एकच: दोन्ही एकाच कुटुंबाचे हवेत, आणि ते कुटुंब एकत्र राहणारं हवं.

"मग ही भिंत?" मी विचारलं.

"ढोरं येतेत न अंगणात."

"विजेचे मीटर दोन दिसतात."

"एकावर लोड येते, मॅडम."

"आणि चुली?"

भिंतीपलीकडे कुकरची शिटी झाली. अलीकडे विनोदच्या बायकोनं फोडणी घातली होती, तिचा ठसका मला लागला.

"माणसं जास्त हायेत," विनोद म्हणाला. "एका गॅसवर होत नाई."

प्रभाकर सगळं ऐकत होता.

"विनोदभाऊ, वेगळे राहत असाल तर दुसरं लायसन्स घ्या. साडेचार हजारांचं आहे," मी म्हणाले.

"साडेचार हजार? कायले? एका घरात दोन टीव्ही असले तं केबलवाल्याले दोनदा पैसे देते का कोणी?"

"देतात," मी म्हणाले. त्यानं ते ऐकलंच नाही.

मी नागपूरला आमच्या सरांना फोन लावला. त्यांना महिनाअखेरीच्या आत तक्रारी निकाली काढायच्या होत्या.

"मॅडम, डिक्लरेशन घ्या. डीलरचा स्टॅम्प मारा. क्लोज करा."

"सर, इथे मधे भिंत आहे."

"भिंतीचा कॉलम आहे का फॉर्ममध्ये?"

नव्हता. फॉर्ममध्ये एवढंच होतं की आम्ही खाली सही करणारे एकाच कुटुंबातले असून एकत्र राहतो. त्याखाली माझ्या शिक्क्यासाठी चौकोन, त्यात छापलेलं, 'समक्ष खात्री केली'.

विनोदनं पेन काढला. तेवढ्यात प्रभाकर पहिल्यांदा बोलला. "नीट वाचून सही करजो, विनोद."

"तू काऊन शिकवून राह्यला मले?" विनोद म्हणाला. आणि भावाला दाखवण्यासाठीच की काय, त्यानं छापील मजकुराखाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: 'वडील वारल्यापासून आजपर्यंत आम्ही कधीही वेगळे निघालेलो नाही.' खाली झोकदार सही.

प्रभाकरनं फॉर्म दोनदा वाचला. सही केली. "एक झेरॉक्स मलेबी पाहिजे," म्हणाला. मला वाटलं, किती व्यवस्थित माणूस. मी शिक्का मारला. संध्याकाळपर्यंत दोन्ही मशीन सुरू झाली.

पावसाळा संपता संपता विनोद माझ्या दुकानात आला. चेहरा काळवंडलेला.

"मॅडम, तुम्ही मले फसवलं."

वेगळं निघाल्यावर विनोदनं रस्त्याला लागून तीन एकर जमीन घेतली होती, स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या नावावर. थोरल्यानं आता तिच्यात अर्धा वाटा मागितला होता. दाव्यात म्हटलं होतं, आम्ही वेगळे निघालोच नाही, जमीन एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतली. वाटणी तोंडी, म्हणजे विनोदकडे कागद नाही. थोरल्याकडे मात्र कागद होता. धाकट्याच्या अक्षरातला. माझ्या शिक्क्याचा.

"तुम्ही कोर्टात सांगा," विनोद म्हणाला, "का ते फक्त सॉफ्टवेअरसाठी लिहिलं होतं. खरं नव्हतं."

"खरं नव्हतं हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतं का?"

"तुम्ही भिंत पाह्यली होती न!"

मी भिंत पाहिली होती, मीटर पाहिले होते, फोडणीनं खोकलेसुद्धा होते. त्यानंतर खात्री केल्याचा शिक्का मारला होता. आता खरं सांगायचं तर तो शिक्का खोटा ठरत होता. गप्प बसायचं तर एका माणसाची जमीन जात होती.

मी सरांना फोन केला.

"मॅडम, यात कंपनीचा काही संबंध नाही. डीलरनं खात्री केली होती ना?"

"तुम्हीच म्हणालात क्लोज करा."

"तसा मेल आहे का?"

मेल नव्हता. सोळा वर्षांत पहिल्यांदा मला समजलं की माझे सर महत्त्वाचं सगळं फोनवर का बोलतात.

दोन दिवस मी जेवले, पण काय जेवले ते सांगता येणार नाही. मग विनोदच्या वकिलांकडे जाऊन जे पाहिलं ते लिहून दिलं. दारं दोन, मीटर दोन, स्वयंपाक दोन, आणि हे सगळं दिसत असूनही शिक्का मी मारला. शेवटचं वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. वकील मात्र खूश दिसले. कंपनीनं मला ताकीद दिली. ती मात्र लेखी.

माझ्या कागदानं विनोद जिंकला असं नाही. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी एवढंच विचारलं म्हणे, की तुमचा अशील कंपनीशी खोटं बोलला की कोर्टाशी, ते एकदा ठरवून सांगा. ते काही ठरेना. शेवटी तडजोड झाली. विनोदनं रस्त्याकडची पाऊण एकर थोरल्याला दिली. थोरल्यानं दावा मागे घेतला. तडजोडीत दोघांनी लिहून दिलं की वडील गेल्यापासून आम्ही वेगळेच राहतो.

म्हणजे होम लायसन्सची अट मोडली. विनोदच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर मी स्वतः बंद केलं. त्यानं दुसरं लायसन्स घेतलं, पूर्ण साडेचार हजार मोजून. सूट मागितली नाही. या वेळी अटींचा कागद आधी वकिलाला दाखवून आणला. वकिलानं वाचायचे पाच हजार घेतले.

एका लायसन्सवर घरातले दोन कॉम्प्युटर चालतात का, असं लोक मला अजून विचारतात. आमच्याकडे चालतात. फक्त कंपनीच्या फॉर्मवर केलेली सही कंपनीच वाचेल, असं धरून चालू नये. कंपनी तर बहुतेक वेळा वाचतच नाही.