उपटलेली मुहूर्तमेढ

ज्या गावाच्या चहूबाजूंनी सागाचं जंगल आहे, त्या गावानं लग्नाच्या मांडवासाठी एक खांबही तोडू नये, हे तुम्हाला पटतं का?

काल पुसदच्या आरागिरणीजवळ ओल्या भुशाचा तुरट वास आला आणि मावशीच्या लग्नाची मुहूर्तमेढ आठवली. आंब्याचे डहाळे बांधलेला सागाचा तो खांब आजोबांनी नुकताच रोवला होता. तेवढ्यात जंगलाचा गार्ड आला.

"यावर हातोड्याचा शिक्का कुठी हाय?" त्यानं विचारलं. जंगलखात्याच्या परवानगीनं तोडलेल्या लाकडावर हातोड्यानं ठसा मारलेला असतो.

"मलेच मारा ना हातोडा, दादा," ओसरीवरून मावशी म्हणाली. "लगीन तरी सरकारी होईन!"

बाया खदखदून हसल्या. गार्डानं मात्र मेढ उपटून नेली. ते ऐकून दारव्ह्याच्या, नवरदेवाकडच्या पाहुण्यांनी लग्नच मोडलं. अपशकुन म्हणे! मावशी पुन्हा कधी बोहल्यावर चढली नाही.

तेव्हा मला गार्डाचा राग आला होता. आज चीड येते ती आमचीच. त्याच दुपारी शिक्क्याचे ओंडके भरलेले ट्रक आमच्या दारावरून शहराकडे गेले आणि आम्ही मुकाट्यानं बाजूला सरून त्यांना वाट दिली.

जंगलखात्याच्या लाकडाच्या पुढच्या लिलावाला डेपोवर या. बोली सुरू होण्याआधी आपल्या गावाच्या वाट्याचं लाकूड मागा.