लाल पेटीतली सही

तोंडात पेनाचं टोपण धरून याओतिंगदादा वेंग आजीच्या दारावरच्या लाल पेटीत सही करत होता. गस्तीच्या पोलिसानं रोज यायचं, आतल्या कागदावर सही ठोकायची, वेळ टाकायची.

"जेवलास का रे?" आजी आतून ओरडली.

"चोर पकडायला आलोय, जेवायला नाही!"

"मग पकड की. कालवणातला मासा पळतोय बघ."

माशांच्या तळ्यांपलीकडे, पार टोकाला ही एकटी म्हातारी. हा सहा वर्षं आला, रोज चार वाजता. एकदा सही राहिली तर साहेबांनी त्याला आजीसमोरच झापलं होतं. आजी चार दिवस हळहळत होती.

मी शाळा सोडून गॅरेजात लागले तेव्हा गाव हसलं. हा स्कूटर घेऊन आला. "हिचे ब्रेक तूच बघायचे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." बस. तेव्हापासून त्याला कुणी वाकडं बोललं की मी सोडत नाही.

वादळात दोन दिवस त्यानं माणसं पाठीवरून बाहेर काढली. तिसऱ्या दिवशी चौकीत खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. बत्तीस वर्षांचा होता.

आठवड्यानं साहेब पेटी काढायला निघाले, स्क्रू खोलायला मला घेऊन. पेटी उघडली. रोजची सही. चार वाजता. शेवटच्या अक्षराची शेपटी त्याच्यासारखीच लांब. कालचीसुद्धा.

"म्हणजे आधीच्याही दुसऱ्यानंच केल्या? हा येतच नव्हता?" साहेबांनी पेटी तशीच ठेवली आणि त्याच्या गौरवाची फाईल थांबवली.

"तोंड सांभाळा, साहेब."

चोर पकडायचाच म्हणून मी रोज बांधावर बसले. आजीकडे जायला एकच रस्ता. त्यावरून कुणी आलं नाही. चार वाजून गेल्यावर दारात गेले तर शाई ओली. आत टेबलावर दोन वाडगे.

"आजी, कोण आलं होतं?"

"याओतिंग. आणखी कोण? तुला दिसला नाही?"

मी वळून रस्त्याकडे बघितलं. रिकामा.

तो गेल्यापासून एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत सह्या होत्या. पन्नासाव्याला कागद कोरा. साहेबांनी बोटांवर दिवस मोजले. मेलेला एकोणपन्नास दिवस इथंच घुटमळतो, मग पुढं जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. "त्याचाच हात," ते हळूच म्हणाले. पेटीला हात जोडले आणि फाईल वर पाठवली. दादाचं नाव आता शहीद पोलिसांच्या दगडात कोरलंय.

गेल्या हिवाळ्यात आजी गेली. घर आवरताना गादीखाली जुन्या कॅलेंडरची पानं निघाली. मागच्या कोऱ्या बाजूवर शेकडो वेळा दादाचंच नाव, आधी वेडंवाकडं, मग हुबेहूब. आणि स्वतःच्या पेन्शनवर आजी शेवटपर्यंत अंगठा लावायची.